चादरीचं दुसरं टोक

६ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

उत्तराला फार उशीर झाला, माफ कर. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. आधी चष्म्याची काडी मोडली, मग पेन रुसलं, मग दोनदा लिहून फाडलं. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, आणि तुझं पत्र एवढं सुरेख. शेवटी खालच्या मजल्यावरचा घड्याळवाला म्हणाला, "आजोबा, भाची काय तुमचा पेपर तपासणार आहे? टाका की लिहून." म्हणून बसलो. फोन करू का म्हणतेस, पण पस्तीस वर्षं लॉन्ड्रीच्या यंत्रांत काढल्यावर माझ्या कानांत नुसती घरघर उरली आहे. पत्रच बरं.

तुला इस्पितळाच्या लॉन्ड्रीत काम लागलं हे वाचून आनंद झाला आणि पोटात गोळाही आला. आनंद याचा की तेच माझं काम. गोळा कशाचा ते मलाही ठाऊक नाही. माझ्या पोटाला तशी सवयच आहे.

मी लहानपणी शिकवलं तसं तू अजून करतेस, हे वाचून डोळे भरले. चादर इस्त्रीच्या रोलरमध्ये सोडताना, जो आजारी माणूस तिच्यावर निजणार त्याच्यासाठी मनात एक वाक्य प्रार्थना. बायका हसतात म्हणतेस. हसू दे. ती चादर इस्पितळाची नाही, प्रभूची समज. आपण रविवारी किती मोठ्याने गातो हे कोणी बघत नाही. सोमवारी चादरीची किनार सरळ धरतो का, ते मात्र सगळे बघतात.

रोलर सारखा थांबतो, ढीग साचतो आणि इन्चार्जबाई तुलाच बोलतात, हे वाईट. पण मुंगे, तक्रार करू नकोस. आल्या आल्या कुरकुर केली की लोक म्हणतात, ही बघा देवाधर्माची बाई. आमच्याकडे एक युक्ती होती, ती सांगतो. रोलरच्या पुढे आडवी दांडी असते ना, हात लागला की यंत्र बंद करणारी? तिची स्प्रिंग सैल झाली की जाड किनार लागली तरी ती ढकलली जाते आणि यंत्र थांबतं. उशीच्या फाटक्या अभ्र्याची एक चिंधी घे. दांडीच्या उजव्या टोकाला दोन वेढे आणि बाजूच्या कडीला सरकगाठ. सुट्टी झाली की ओढून काढायची. दांडी गप्प, यंत्र चालू, बाई खूश.

हात मात्र सांभाळ. आईला माझा सलाम सांग. बिचारी पडून पडून कंटाळली असेल. तिची कूस बदलत जा, पाठ सोलायला नको. जास्त-कमी लिहिलं असेल तर पोटात घाल.

तुझा मामा


२२ फेब्रुवारी

ती. मामांस,
सलाम.

तुमच्या चिंधीने कमाल केली. पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत ढीग संपला. इन्चार्जबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काय गं, यंत्रावर मंत्र घातलास की काय?" आता मला माणूस समजतात.

माझ्यासमोर चादरीचं दुसरं टोक धरते तिची गंमत सांगते. तिला सगळे शिट्टी म्हणतात. ओल्या कपड्यांची गाडी आली की उजव्या हाताची दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारते की यंत्रांच्या आवाजातही चौघी वळून बघतात. तेवीस वर्षं इथे आहे. तोंड फाटकं, मन साफ. परवा मला म्हणाली, "सारखं पुटपुटतेस काय गं? मला शिव्या देतेस का?"

"नाही हो. या चादरीवर कोण निजणार, त्याच्यासाठी प्रार्थना करते."

"मग मोठ्याने कर की! तेवीस वर्षं लोकांच्या चादरी करतेय, एकाचंही तोंड पाहिलं नाही. मलाही कळू दे कोण निजतंय ते."

तेव्हापासून दर चादरीला विचारते, "हिच्यावर कोण?" मी सांगते, "मूतखड्याचा म्हातारा." ती म्हणते, "त्याला पाणी पी म्हणावं." आणि मग गंभीर होऊन म्हणते, "बरा होऊ दे रे बाबा." मामा, ही प्रार्थनाच झाली ना?

दांडी रोज सकाळी मीच बांधते. शिट्टीला युक्ती माहीत आहे, पलीकडे घड्या घालणाऱ्या दोघींनाही. तुमच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची गोष्टही मी तिला सांगितली. तुम्हाला डुलकी लागली, बोटं रोलरमध्ये गेली, पण तुम्ही ना यंत्राला दोष दिला ना कोणाला, आणि सहा आठवड्यांनी हसत कामावर गेलात. चर्चमध्ये मंडळीपुढे उभं राहून दिलेली तुमची ती साक्ष मला पाठ आहे. ती ऐकून शिट्टीने दांडीकडे बघितलं. मग म्हणाली, "विचार तुझ्या मामाला, तेव्हा दांडी बांधलेली होती का."

मी म्हटलं विचारते. म्हणून विचारतेय.

तुमची मुंगी


१० मार्च

चि. मुंगीस आशीर्वाद.

पत्र पावलं. तू तिथल्या बायकांत मिसळलीस, बरं वाटलं. मूतखड्याच्या म्हाताऱ्याचं वाचून मी एकटाच हसलो, आणि मग खोकत बसलो. खोकला तसा काही नाही, तरी छातीत बारीक शिट्टीसारखं वाजतं. घड्याळवाला म्हणतो, तेल घालायला हवं.

इकडे घरमालकाने जिन्याचा कठडा काढून नेला, नवा लावतो म्हणतो. मी भिंतीला धरून उतरतो. काल भाजी आणायला गेलो तर पिशवी दुकानातच विसरलो, परत गेलो तर पाय विसरायची पाळी. म्हातारपण म्हणजे असंच.

बोटांचं म्हणशील तर ती फार जुनी गोष्ट. डुलकीच लागली होती. यंत्राचा दोष नव्हता. झाल्यागेल्याचं काय एवढं. त्या बाईला म्हणावं, आपलं काम बघ. रागाने नाही हं, हसत सांग.

तू आपली मन लावून करत राहा. वरचे खूश, खालचे खूश, तर प्रभूही खूश.

मामा


१५ एप्रिल

चि. मुंगीस,

महिना होऊन गेला, पत्र नाही. आईला बरं नाही का? की मी त्या बाईबद्दल लिहिलं त्याचा राग आला? मी पोस्टमनला दोनदा विचारलं, तो आता मला लांबून बघूनच मान हलवतो. जिवाला घोर लागला आहे. काही असलं तरी लिही. वाईट असलं तर आधी लिही.

मामा


२ मे

ती. मामांस सलाम.

आई बरी आहे. तिला यातलं काही माहीत नाही. तुमच्या दोन्ही पत्रांना उत्तर लिहायला बसले होते, हात चालेना.

चोवीस मार्चला सकाळी एका चादरीत रुग्णाच्या अंगरख्याची नाडी गुंतून आली. आम्हा दोघींना दिसली नाही. चादर रोलरमध्ये गेली तशी नाडी शिट्टीच्या उजव्या हाताला वेढली आणि हात आत ओढला गेला. दांडीला घासूनच गेला, मामा. दांडी हलली नाही. ती ओरडलीही नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या लाल बटणापर्यंत धावले तोवर जे व्हायचं ते झालं होतं. तीन बोटं गेली. शिट्टी मारायची दोन त्यांतलीच.

तिला उचलून नेलं. खोलीत मी एकटी राहिले. मी काय केलं सांगू? दांडीची गाठ ओढली आणि चिंधी खिशात घातली.

दुपारी चौकशीला दोन साहेब आले. दांडी मोकळी. त्यांनी घडी घालणाऱ्या दोघींना विचारलं, त्या म्हणाल्या आमची पाठ होती. मला विचारलं. मी म्हटलं, एका क्षणात झालं, कळलं नाही. मग ते तिच्या खाटेपाशी गेले. ती काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, "डुलकी लागली. हात दांडीला न लागता वरून गेला असेल. कोणाचा दोष नाही."

तुमचं वाक्य, मामा. मीच तिला सांगितलेलं.

नंतर भेटायला गेले तेव्हा मी रडले. ती म्हणाली, "गप गं. तुझी नोकरी तीन महिन्यांची, माझी तेवीस वर्षांची. मला थोडीच काढतायत?" पण काढलं. तिच्या कागदावर 'निष्काळजी' असा शेरा मारला. या शेऱ्यावर तिला कुठल्याच लॉन्ड्रीत दारात उभं करणार नाहीत. पट्टीतला हात घेऊन ती घरी बसली आहे, आणि मी तिच्या जागी आलेल्या बाईबरोबर चादरी धरते. चिंधी अजून माझ्या खिशात आहे. आता दांडी बांधत नाही. रोलर थांबतो, बाई ओरडतात, मी ऐकून घेते. प्रार्थना करायला जाते तर तोंडाला कुलूप लागतं.

मी खरं सांगितलं तर नोकरी जाईल. घरात कमावणारी मी एकटी. नाही सांगितलं तर तो शेरा जन्मभर तिच्या माथी. रोज ठरवते, रोज इन्चार्जबाईंच्या दारातून परत येते.

मामा, मी काय करू ते नंतर सांगा. आधी मी विचारलं होतं त्याचं उत्तर द्या. तुमची दांडी बांधलेली होती का?

मुंगी


१० मे

चि. मुंगीस,

होती.

हा एक शब्द लिहायला मला तीन दिवस लागले. आता बाकीचं लिहितो.

मीच बांधली होती. सकाळची वेळ होती, मी चांगला जागा होतो. एक उशीचा अभ्रा दुमडला गेला, तो सरळ करायला बोटं पुढे केली. डुलकीबिलकी काही नाही. माझ्याबरोबरच्या माणसाने मला बाहेर काढलं आणि गाठ सोडली, तू सोडलीस तशीच. इस्पितळात साहेब आले, विचारलं कसं झालं. दांडी बांधली म्हटलं असतं तर मी गेलो असतो, आणि चिंधीची युक्ती वापरणारे आणखी सहाजण गेले असते. म्हणून डुलकी म्हटलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ ठीक होतं.

पण चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले. मी रडत नव्हतो, कोणाला बोल लावत नव्हतो, हे त्यांना फार मोठं वाटलं. म्हणाले, मंडळीपुढे साक्ष द्या. मी उभा राहिलो. बायका पदराने डोळे पुसत होत्या. तुझी आई पुढच्या बाकावर होती, तू तिच्या मांडीवर होतीस. त्या दिवसापासून मी मोठा झालो. चौथी शिकलेला, कपडे धुणारा माणूस, त्याला लोक उपासनेनंतर हात द्यायला थांबायला लागले. डावा हात धरायचे. मग दर दोन-तीन वर्षांनी कोणी ना कोणी सांगायचं, ती साक्ष पुन्हा सांगा. सांगता सांगता मलाच ती खरी वाटायला लागली. तुझ्या नोकरीचं वाचलं तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला होता. पोटाला माहीत होतं. मीच ऐकलं नाही. लोक म्हणतात झाकली मूठ. माझी मूठ पुरती झाकतही नाही, तरी इतकी वर्षं झाकली.

याहून वाईट एक आहे, ते कोणालाच सांगितलेलं नाही. सहा आठवड्यांनी मी कामावर गेलो तेव्हा रोलरवर दुसरा माणूस होता, आणि दांडीला चिंधी होती. मी बघितली. मी म्हटलं असतं, सोड ती, तर त्याने 'का' म्हणून विचारलं असतं. म्हणून मी हसलो आणि चादरीचं टोक धरलं. लोकांना ते हसू फार आवडलं.

तुला मी तक्रार करू नको म्हणून शिकवलं. चांगलं वागणं म्हणजे वरच्यांना त्रास न देणं, असं मी समजत आलो. प्रभूचं काम म्हणत होतो, पण धाक इन्चार्जचा होता.

सोबत वेगळा कागद घातला आहे. त्यावर लिहिलं आहे की दांडी बांधायची रीत मी, अमुक लॉन्ड्रीचा निवृत्त कामगार, माझ्या भाचीला पत्राने शिकवली, माझी बोटं त्याच रीतीने गेली, मी खोटं सांगितलं, आणि त्या बाईला डुलकी लागलेली नव्हती. खाली सही आणि अंगठा दोन्ही दिले आहेत, माझी सही लोकांना वाचता येत नाही म्हणून. तो कोणाला द्यायचा की नाही ते तू ठरव. मी सांगतो म्हणून काही करू नकोस. माझं ऐकूनच तर हे झालं.

मामा


२९ मे

मामांस,

तुमचा कागद आणि माझ्या खिशातली चिंधी, दोन्ही इन्चार्जबाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी कागद दोनदा वाचला. मग चिंधीकडे बघत म्हणाल्या, "एवढे दिवस ही खिशात घेऊन हिंडत होतीस?" मी हो म्हटलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला काढलं. शिट्टीच्या कागदावरचा शेरा खोडला. तिला परत घेणार आहेत, कपडे मोजून देण्याच्या खिडकीवर. आणि मिस्त्री आला, त्याने दांडीची स्प्रिंग बदलली. अर्धा तास लागला, मामा. मी बाहेर पडताना तो हात पुसत म्हणाला, "एवढंच होतं होय? मग आधी सांगायचं नाही का!"

तिथून शिट्टीकडे गेले. दार उघडलं, आत ये म्हणाली नाही. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी तुला वाचवायला खोटं बोलले, ते माझं मी बघेन. पण तू मला घरी बसलेली बघत होतीस. रोज चादरी करत होतीस आणि बघत होतीस." मी माफी मागितली. तर म्हणाली, "मूतखड्याच्या म्हाताऱ्यासाठी प्रार्थना केलीस. बाळंतिणीसाठी केलीस. ज्यांचं तोंड पाहिलं नाही त्या सगळ्यांसाठी केलीस. चादरीचं दुसरं टोक कोणी धरलं होतं गं?"

दार लावून घेतलं. हळूच लावलं.

मला एका शिवणाच्या दुकानात काजं-बटणांचं काम मिळालं आहे. आईचं चाललं आहे. मामा, मी तुमच्यावर रागावलेली नाही असं लिहिणार होते, पण आता खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे. काही दिवस पत्र लिहू नका. तुमचं अक्षर बघितलं की मला ती गाठ दिसते.

मुंगी


३० ऑगस्ट

चि. मुंगीस,

लिहू नका म्हणाली होतीस. तीन महिने लिहिलं नाही. हे लिहितो आहे त्याबद्दल माफ कर, आणि इतक्या उशिरा लिहितो आहे त्याबद्दलही. यांतली कुठली माफी आधी मागायची ते मला कळेना.

जूनच्या दुसऱ्या रविवारी मी मंडळीत उभा राहिलो. पाळकसाहेब आता तरुण आहेत, त्यांना वाटलं म्हातारबाबा जुनी साक्ष सांगणार. मी सांगितली, पण खरी. दांडी, चिंधी, साहेब, त्या दुसऱ्या माणसाच्या रोलरवरची गाठ, तू, ती बाई. कोणी डोळे पुसले नाहीत. मागे कोणीतरी खोकलं. एक बाई शेजारणीला म्हणाली, "आता कशाला उकरून काढायचं हे?" बहिरा असूनही हे मात्र मला नीट ऐकू आलं. पाळकसाहेब म्हणाले, "बसा आजोबा." मी बसलो. उपासनेनंतर हात द्यायला कोणी थांबलं नाही. घड्याळवाला थांबला होता, तो तर मंडळीतला नाही, मला घरी न्यायला आला होता. म्हणाला, "काय बोललात आत? सगळे घाईत निघाले." मी म्हटलं, खरं बोललो. तो म्हणाला, "मग बरोबर."

जिन्याला नवा कठडा लागला. पण मी अजून भिंत धरूनच उतरतो, सवय.

सकाळी प्रार्थनेला बसतो. पूर्वी मोठी यादी असायची, आजारी, प्रवासी, राजे आणि अधिकारी. आता चादरीच्या दुसऱ्या टोकापासून सुरू करतो. तिचं खरं नाव मला माहीत नाही, तू कधी लिहिलं नाहीस. मी शिट्टी म्हणूनच घेतो. प्रभूला कळत असेल. मग त्या माणसाचं घेतो, जो माझ्यानंतर रोलरवर होता. त्याला पुढे काही झालं की नाही, हे मी कधी विचारलंच नाही. मग तुझं. तिथे अडकतो, आणि दिवस वर येतो.

क्षमा मागत नाही. तुझा हक्क आहे, तू ठेव. दोनच गोष्टी विचारतो. आईची पाठ कशी आहे? आणि ती बाई डाव्या हाताने शिट्टी मारायला शिकली का? शिकली असेल असं मला उगाच वाटत राहतं. खिडकीवर बसते म्हणालीस, गाडी तर तिच्यासमोरूनच जात असेल. तू तिच्याकडे पुन्हा गेली असशील तर तेवढं कळव. गेली नसशील तरी कळव.

पोस्टमनने मान हलवायचीही सोडली आहे, आता तो माझ्या दारापुढून न बघताच जातो. मुंगे, दोन ओळी लिही. लिहवत नसेल तर कोरा कागद घडी घालून पाठव. तुझी घडी मीच शिकवलेली आहे, हाताला लागली की ओळखेन. पण पाठव. लवकर पाठव.

मामा